हँडलला हात लावू नये

निवृत्त झाले तरी सवय गेलेली नाही. कुणाकडे आजारी माणसाला भेटायला गेले की माझी नजर आधी त्याच्या उशीकडे जाते. डोकं पुरेसं वर आहे का? मग पोटाकडे. फुगलेलं तर नाही ना? चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी. माझी धाकटी जाऊ म्हणते, "ताई, तुम्ही माणसाला भेटायला येता की त्याच्या पोटाला?" पूर्वी मी तिला समजावून सांगायचे. आता तेवढं त्राण नाही. "दोघांना," एवढं म्हणते आणि चहा पिते.

रत्नागिरीतल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे सगळे ज्याला आयसीयू म्हणतात तिथे, माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. लोकांना वाटतं, तिथे सगळा खेळ हृदयाचा आणि श्वासाचा. ते खोटं नाही. पण हृदयासाठी पडद्यावर हिरवी रेघ असते, श्वासाला यंत्र असतं, काही बिनसलं की भोंगा वाजतो. पोटाला भोंगा नाही. पोट बिघडतं ते गुपचूप. फुगतं, थांबतं, आतून रक्त झिरपवतं, भरलेलं वर ढकलतं, आणि तो सगळा ऐवज छातीत उतरला की ज्या माणसाला आपण विषातून किंवा अपघातातून ओढून काढलेला असतो तो न्यूमोनियाने जातो. म्हणून पोटाचा भोंगा नर्सने व्हायचं असतं. ह्या कामाचे कुणी फोटो काढत नाही. पेढे आणणारे नातेवाईक डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातात, आणि ते योग्यच आहे. पण उरलेले दोन आमच्या टेबलावर ठेवून जातात तेव्हा मला मनातून हसू यायचं. तुमच्या माणसाच्या पोटाची किती उठाठेव केलीय मी, ते मी सांगितलं तर हा पेढा तुम्हाला खाववणार नाही!

माझे वडील पोफळीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत माळी होते. साहेबांच्या बंगल्यांपुढची जास्वंद आणि गुलाब सांभाळता सांभाळता त्यांनी आम्हा भावंडांना कॉलनीच्या शाळेत घातलं. दहावीनंतर शाळेतल्या बाई स्वतः आमच्या खोलीवर आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "हिला नर्सिंगला पाठवा, हिला घाण वाटत नाही आणि ही विसरत नाही." एवढ्या दोन गुणांवर माझं आयुष्य उभं राहिलं. पुढे नोकरी करता करता पदवी घेतली. आमच्या घरात पदवीचा फोटो काढलेली मी पहिली. तो फोटो वडिलांनी देवांच्या शेजारी लावला होता. मला त्याची लाज वाटायची, पण काढायला मी कधी सांगितलं नाही.

तर काम काय असायचं ते सांगते. बेशुद्ध किंवा यंत्रावरच्या माणसाला गिळता येत नाही. त्याच्या नाकातून पोटात एक बारीक नळी घालतात आणि त्यातून पातळ आहार देतात. पूर्वी लोक म्हणायचे, एवढा आजारी आहे, पोटाला आराम द्या. उलट आहे. आतडं रिकामं ठेवलं तर ते मंदावतं, आणि आतडं मंदावलं की सगळंच मंदावतं. म्हणून जमेल तितक्या लवकर, थोडं थोडं सुरू करायचं. पण देण्याआधी नळी जागेवर आहे ना ते दर वेळी बघायचं, कारण ती सरकून भलतीकडे गेलेली असू शकते. सिरिंजने हलकेच ओढून बघायचं, आधीचं पचलं की तसंच साचलंय. ओढलेलं पाणी चहाच्या गाळासारखं काळपट दिसलं तर पोटात कुठेतरी रक्त येतंय, लगेच डॉक्टरांना सांगायचं. पोटावर हात ठेवायचा, मऊ आहे की ताणलेलं. आवाज ऐकायचा. शी झाली का, कशी झाली, किती दिवस झाली नाही. तोंड स्वच्छ पुसायचं, कूस बदलायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पलंगाची डोक्याकडची बाजू वर ठेवायची, माणूस आरामखुर्चीत रेलल्यासारखा. पोटातलं पोटात राहावं, वर घशाशी येऊ नये म्हणून.

आमचे पलंग जुने होते. पायथ्याशी लोखंडी हँडल. फिरवलं की डोक्याकडचा भाग वर येई, उलटं फिरवलं की खाली. आणि ह्या हँडलपायी माझा जितका जीव खर्ची पडला तितका बाकी कशापायी पडला नाही. कारण नातेवाईक! आपला माणूस अर्धवट बसवून ठेवलेला कुणालाच बघवत नाही. मान एका बाजूला कललेली, अंग खाली घसरलेलं. बायका पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "सरळ निजवा हो त्यांना." पुरुष बोलायचे नाहीत, आम्ही पाठ वळवली की हँडल फिरवायचे. प्रेमाने. मी भिंतीवर पाटी लावली होती, "हँडलला हात लावू नये". आमची शेवंता मावशी, म्हणजे वॉर्डची साफसफाई आणि पेशंट उचलण्याचं काम बघणारी बाई, ती पाटी वाचून म्हणाली, "सिस्टर, पाटी लावलीत म्हणून तर लोकांना कळलं, हँडल हाय म्हणून."

असाच एका वर्षी आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत अनंता आमच्याकडे आला. संगमेश्वर तालुक्यातल्या आतल्या गावचा. मुंबईत कँटीनला होता, ते बंद पडल्यावर गावी आला आणि हंगामात आंब्याच्या बागांतून फवारणीला जाऊ लागला. त्या दिवशी पंपाची नळी निसटली आणि फवारणीचं विषारी औषध सगळं छातीवर आलं. शहाण्या माणसाने शर्ट काढून अंग धुवायचं. पण झाडं थोडीच राहिली होती. हा तसाच ओल्या शर्टात दुपारपर्यंत फवारत राहिला. बागायतदाराने गाडीत घालून आणला तेव्हा तोंडाला फेस आणि श्वास घशात अडकलेला.

ह्या विषाने माणूस सगळीकडून वाहू लागतो. लाळ, घाम, छातीत पाणी. त्यावरचं औषध सगळं सुकवतं आणि जीव वाचवतं, पण सुकवताना ते आतड्यांनाही गप्प करतं. त्यामुळे असा पेशंट आला की डॉक्टर फुप्फुसं ऐकत आणि मी पोट. डॉक्टर मला विचारत, "सिस्टर, पोट काय म्हणतंय?" आणि मी सांगे. आमची अशी वाटणीच होती.

अनंता यंत्रावर गेला. त्याची बायको लहान मुलांना घेऊन गावी अडकलेली, म्हणून त्याच्याजवळ त्याची आई राहिली. भागीरथी तिचं नाव. पाठीतून वाकलेली, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसलेली. भेटायच्या वेळेला आत आली की एकच प्रश्न.

"बाय, त्याच्या पोटात काय घातलास काय?"

"आजी, नळीतून देतोय ना. ती बघा पिशवी."

"ता दूधपाणी? तो काय मांजर हाय?" मग लेकाकडे बघून, "भाताशिवाय हात धुवत न्हाय गो तो. वायंच पेज तरी घाल."

पहिले काही दिवस बरे गेले. थोडं थोडं दिलेलं पचत होतं. मग एका दुपारी भेटायच्या वेळेत शेजारच्या पेशंटचा रक्तदाब एकदम खाली गेला म्हणून मी आणि डॉक्टर तिकडे धावलो. अनंताची पिशवी थेंब थेंब चालू होती. त्याची मान कलली होती. आईने इकडे तिकडे पाहिलं, कुणाला विचारावं तर सगळे कामात. शेवंता मावशी हँडल कसं फिरवते ते तिने पाहून ठेवलं होतं. तिने ते फिरवलं, पार सपाट होईपर्यंत. उशी नीट केली आणि लेकाच्या कपाळावरून हात फिरवत उभी राहिली.

मला आधी करकर ऐकू आली. ते हँडल करकरायचं. मी वळले तोवर अनंताच्या तोंडाच्या कडेने पांढरं बाहेर येत होतं.

पिशवी बंद केली, त्याला कुशीवर वळवलं, तोंडातलं ओढून घ्यायला सक्शन लावलं, मावशीने हँडल फिरवून पलंग वर घेतला. श्वासाच्या नळीला खाली एक फुगा असतो, त्याने बराचसा ऐवज वरच अडवला, पण सगळा अडवत नाही. सगळं आटोपल्यावर मी वळले आणि त्या बाईवर ओरडले. काय बोलले ते आता आठवत नाही.  तिने पिशवी उचलली आणि बाहेर गेली.

त्या दिवसानंतर दोन गोष्टी झाल्या. अनंताला ताप आला आणि त्याचं पोट फुगलं. ताप छातीचा होता. पोट औषधाने आणि आजाराने थांबलं होतं. ते हँडल फिरलं नसतं तरीही बहुधा थांबलं असतं. पण हे भागीरथीला कोण सांगणार? डॉक्टरांनी आहार बंद केला. नाकातल्या नळीचं बाहेरचं टोक खाली रिकाम्या पिशवीत सोडून पोट रिकामं होऊ दिलं. तिला बाहेरून काचेतून एवढंच दिसलं की दूध गेलं. संध्याकाळी मी घरी निघाले तर ती जिन्यात उभी.

"बाय, माज्यामुळं त्याचं जेवान बंद केलंत?"

मी दमलेली होते. पाय सुजलेले. "तुमच्यामुळे नाही, आजी. पोट चालत नाहीये त्याचं."

"कदी चालंल?"

"सांगता येत नाही."

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला ती आत आलीच नाही. दारापर्यंत येऊन परत बाकावर बसली. शेवंता मावशीने तिच्याकडून कारण काढून घेतलं. "ती म्हणते, माजा हात वाईट. मी आत आले तर पोरगा जाईल."

त्यातच शिमगा आला. गावाहून माणसं आली, चार जण. गावदेवाची पालखी वाडीत घरोघर यायची होती, वर्षातून एकदाच येते ती. अनंता दरवर्षी पालखीला खांदा देणारा. ती माणसं दारात उभी राहून आईला सांगत होती, "हय उपाशी मरतोय. घरी आण. देवासमोर तरी न्हेऊया." यंत्र काढून गाडीत घातला असता तर तो जवळच्या हातखंब्यापर्यंतही पोचला नसता, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण सही आईची होती. न्यायचं की ठेवायचं ते तिने ठरवायचं होतं. ती माझ्याकडे आली. त्या प्रसंगानंतर पहिल्यांदाच नजर वर करून बोलली.

"खरं सांग गो. उपाशी हाय म्हणून मरंल काय तो?"

सलाईनमधून त्याला काय काय जातंय ते मी सांगू शकले असते. पोटॅशियम कमी झालंय, ते भरतोय, सुकवणारं औषध आता उतरवतोय, म्हणजे आतडं जागं व्हायला वाव आहे. हे सगळं खरं होतं आणि तिला त्यातलं काहीच दिसणार नव्हतं. मी तिचा हात धरून आत नेलं. स्टेथोस्कोप तिच्या कानाला लावला आणि दुसरं टोक आधी माझ्या पोटावर ठेवलं. माझं दुपारचं जेवण झालेलं होतं.

ती दचकली. "गडगडतंय गो!"

"ते चालू पोट. आता हे ऐका." मी ते अनंताच्या पोटावर ठेवलं.

बराच वेळ ती वाकून उभी होती. "कायच न्हाय."

"म्हणून जेवण बंद आहे. थांबलेल्या पोटात घातलं तर ते वर येणार. तुंबलेल्या मोरीत पाणी ओतल्यासारखं. ते छातीत जाणार. त्या दिवशी आलं ना, तसं."

"आनि गडगडला म्हणजे?"

"गडगडलं की देऊ. तोवर पलंग वर ठेवायचा. कुणी खाली करता कामा नये. मला प्रत्येक पलंगाकडे बघायला होत नाही, आजी. तुम्ही भेटायच्या वेळेला ह्या हँडलपाशी बसायचं. कुणाला हात लावू द्यायचा नाही."

माझ्या बोलण्यात मोठी युक्ती होती असं कुणी समजू नये. आम्हाला माणसं खरोखर कमी होती.

ती बाहेर गेली आणि गावकऱ्यांना म्हणाली, "न्हाय न्हेत. पोट बोलला की मग बघू." त्यांच्यातला एक म्हातारा चिडून म्हणाला, "पोट काय बोलतंय? येडी झालीस काय?" तेवढ्यावर ते गेले. पालखी तिच्या दारात आली तेव्हा ती दारात नव्हती. आमच्या वॉर्डमध्ये, स्टुलावर, हँडलवर हात ठेवून बसली होती. तिच्या वयाच्या बाईला ह्याचा अर्थ काय होता, ते आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

रोज भेटायच्या वेळेला मी तिला ऐकवायचे. रोज "कायच न्हाय." मग एकदा तिने डोळे बारीक केले, हाताने मला गप्प राहायची खूण केली, मी तर बोलतही नव्हते, आणि म्हणाली, "लांबून बैलगाडी येतेय तसा वाटतंय." मी ऐकलं. खरंच होतं. एक बारीक, लांबची गुडगुड. डॉक्टरांनी ऐकलं आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता मावशी चादर बदलून, नाकाला पदर लावून बाहेर आली आणि बाकाजवळ जाऊन म्हणाली, "आजी, पेढे काढा. लेक पास झाला तुमचा." आयसीयूच्या बाहेर पोटातल्या वाऱ्यावरून आणि शीवरून इतका आनंद होताना बघणारे आम्हीच. घरी सांगायची सोय नाही.

आहार परत चालू झाला, घोट घोट. ताप उतरला. यंत्र निघालं. यंत्र निघाल्यावर खरी परीक्षा, कारण घसा अजून कमजोर असतो आणि माणूस पाणी पाणी करतो. त्याला पूर्ण ताठ बसवून, चमच्याने, एक घोट, हनुवटी खाली, गिळला ना, खोकला नाही ना, मग दुसरा. आजीने शहरात गाववाल्या बाईच्या घरी पेज करून आणली होती. पहिला चमचा तिनेच दिला. अनंताने गिळला, थोडा वेळ विचार केला आणि बसक्या आवाजात म्हणाला, "मीठ न्हाय."

"मेल्या," आजी म्हणाली, "तुजा जीव गेलेला आनि तुला मीठ सुचतंय?" आणि मग स्टुलावर बसून रडली.

पुढची काही वर्षं ती रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला महिन्याला एसटीने यायची. खालचं काम झालं की जिना चढून आमच्या काचेच्या दारापाशी. आत सोडत नसत, पण तिला आत यायचंही नसे. काचेला नाक लावून सगळे पलंग बघायची आणि मी दिसले की बोट दाखवायची. "त्यो तिकडचा खाली हाय बघ." कधीकधी खरंच खाली असायचा. अनंता पुन्हा फवारणीला जायला लागला होता. मी त्याला एकदा रागावले तर म्हणाला, "सिस्टर, शर्ट काढून धुतो आता लगेच. दुसरा काम काय हाय हय?" 

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या पावसाळ्यात भागीरथीला आणलं. मेंदूत मोठा रक्तस्राव होता. अनंता बरोबर होता. तिला पलंगावर ठेवलं, मी नळ्या बघत होते, तोवर मागे करकर झाली. वळून पाहिलं तर कुणी न सांगता त्याने हँडल फिरवून पलंग वर घेतला होता. "बरोबर हाय ना एवढा?" त्याने विचारलं. अगदी बरोबर होता.

मी नळी घातली, आहार सुरू केला, रोज ऐकलं. सुरुवातीला होता आवाज. मग विरळ झाला. ओढलं की दिलेलं सगळं तसंच परत येई, मग काळपट यायला लागलं. सगळं केलं, सगळं. ह्या कामात असं होतं. काही पोटं जागी होतात, काही होत नाहीत, आणि दोन्हीकडे मेहनत सारखीच लागते. शेवटी डॉक्टरांनी अनंताला बाजूला घेऊन सांगितलं की आता त्रास होऊ नये एवढंच बघायचं, फार वेळ नाही. आहाराची पिशवी मी स्वतः काढली.

दुपारची वेळ होती. अनंता पायथ्याशी उभा होता. त्याने स्टेथोस्कोप मागितला नाही. त्याच्या आईने कधीतरी सगळं सांगितलेलं असणार, कारण मी पोटावरून हात काढला तेव्हा त्याने फक्त माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी नाही अशी मान हलवली.

जरा वेळाने तो म्हणाला, "सिस्टर, आता कायच चालू न्हाय ना नळीतनं?"

"नाही."

"मग वर येण्यासारखा काय न्हाय पोटात?"

"नाही, अनंता."

तिची मान एका बाजूला कलली होती, अंग खाली घसरलेलं. तो मग हँडलकडे बघून म्हणाला, "तिची मान अवघडली असंल. सरळ निजवू?"

इतक्या वर्षांत ह्या प्रश्नाला मी कधी हो म्हटलं नव्हतं.

"निजवा," मी म्हटलं.

तो खाली वाकला आणि हँडल फिरवू लागला. हळू, तिला हिसका बसू नये असं. मी तिच्या डोक्याखाली हात धरला आणि पलंग सपाट होईपर्यंत काढला नाही.